हार्डिंगबाईंचे कावळे

सप्टेंबर अर्धा सरला की लंडनमधल्या एजवेअरच्या आमच्या गल्लीत उजेड बदलतो. ऊन असतं, पण पाठीला लागत नाही. सकाळी कुंपणापासून गाडीच्या आरशापर्यंत कोळ्यांनी जाळी ताणलेली असतात, त्यांवर दव असतं, आणि फूटपाथवर चेस्टनटच्या तपकिरी, चकचकीत बियांचा सडा पडलेला असतो. त्या वेचायला गल्लीत आता मुलं फारशी उरलेली नाहीत. या दिवसांत मी मागचं दार उघडं ठेवून चहा पितो आणि विद्या, माझी बायको, रोज न चुकता ओरडते, "अहो, हीटिंग काय बागेसाठी लावलंय का?" मी दार लोटतो, पण पुरतं लावत नाही. मला ऐकायचं असतं. शेजारच्या बागेतून पत्र्याच्या झाकणावर चमचा वाजल्याचा आवाज येतो का, ते.

येणार कुठून? ते झाकणही आता माझ्याकडे आहे आणि चमचाही. तरी मी ऐकत असतो.

आपल्याकडे हे दिवस पितृपक्षाचे. गणपती गेल्यावर घर जे रिकामं होतं, त्या रिकाम्या घरात गेलेली माणसं येऊन बसतात, असं लहानपणी डोक्यात बसलं ते बसलंच. इथे याच सुमारास चर्चमध्ये हार्वेस्ट फेस्टिव्हल असतो. पीक घरात आलं, आता देवाचे आभार माना. त्याचाच अमेरिकेत गेलेला भाऊ म्हणजे थँक्सगिव्हिंग. आमची मुलगी रुचा लंडनमधल्याच एका अमेरिकन कंपनीत आहे. तिथे नोव्हेंबरात त्या दिवशी प्रत्येकाने आपण कशाबद्दल 'ग्रेटफुल' आहोत ते स्क्रीनवर टाइप करायचं असतं. "मी फ्री लंच असं टाकलं," ती म्हणाली होती. इंग्रजांना एवढा गाजावाजा झेपत नाही. ते एक भोपळा, चार सफरचंदं आणि बीन्सचा डबा नेऊन ठेवतात, एक गाणं म्हणतात आणि चहा पिऊन घरी जातात. मला हे बरं वाटतं. आभार हळू आवाजातच मानावेत.

आधीच सांगून टाकतो, मी जुन्या मताचा माणूस आहे. नोकरीची सगळी वर्षं इन्शुरन्सच्या ऑफिसात क्लेम तपासण्यात गेली. काय मोडलं, काय जळलं, काय चोरीला गेलं हे सांगायला लोक फोन करायचे. "साहेब, छप्पर अजून शाबूत आहे हो," असं सांगायला एकाही माणसाने कधी फोन केला नाही. त्यामुळे असेल, पण मत देताना माझा हात निळ्या, म्हणजे इथल्या हुजूर पक्षाच्या, बाजूला जातो. निळ्यांनी फार मोठे दिवे लावलेत अशातला भाग नाही. महागाई त्यांच्या राज्यातही वाढली आणि इतरांच्याही. पण आपण आलो आणि जग सुरू झालं, असं बोलणाऱ्यांची मला भीती वाटते. आपल्या आधी कोणीतरी गटार खणलेलं असतं, झाड लावलेलं असतं, रस्त्याला नाव दिलेलं असतं. आपण आयते येऊन उभे राहतो आणि तोंड उघडतो ते तक्रारीसाठी.

रुचा यावर भडकते. "बाबा, थँक यू म्हणून हीटिंगचं बिल भरता येत नाही. तुला घर मिळालं कारण तेव्हा घरं मिळत होती. मी इल्फर्डमध्ये दोघींबरोबर एक बाथरूम शेअर करते. मी नक्की कोणाचे आभार मानू, लँडलॉर्डचे?"  मग मी तिला अजून एक पोळी वाढतो.

माझ्या मतांना मान डोलावणारं एकच माणूस होतं, आणि ते कुंपणापलीकडे राहायचं. मिसेस हार्डिंग. घरात आम्ही त्यांना हार्डिंगबाई म्हणायचो. नव्वदीकडे झुकलेल्या, काटक, खिशात कायम सुतळीचं एक बंडल. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, दूर कुठेतरी एक भाचा. सरकारने काहीही देऊ केलं की त्या आधी विचारायच्या, "अँड हूज इज इट?" कोणाचं आहे ते? कोणाच्या तरी खिशातून आल्याशिवाय दुसऱ्याच्या खिशात काही जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. फाटलेला पडदा त्या तीनदा रफू करायच्या, मग त्याचं फडकं करायच्या, आणि फडकं फाटलं की ते टोमॅटोच्या रोपाला बांधायच्या.

माझ्या आईचं आणि त्यांचं मेतकूट जमलं होतं. दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर मी आईला पुण्याहून इथे आणली. दोघी कुंपणापाशी उभ्या राहून बोलायच्या, आई मराठीत, बाई इंग्रजीत. विषय गुडघे, दोडके आणि हल्लीच्या मुली. इकडून अळूवडी गेली की तिकडून सफरचंदं यायची. रिकामी वाटी परत करायची नाही, हा नियम दोघींना कोणी शिकवला नव्हता, दोघी तो घेऊनच आल्या होत्या.

आईचा आणखी एक नियम होता आणि त्यावरून मी तिच्याशी कायम भांडायचो. ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची. "अगं आई, टेबलाला चार खुर्च्या आहेत, चौघं आहोत, बस की!" "तुमचं होऊ दे रे. मला आधी घास गिळवत नाही." मग आतून तिचा प्रश्न यायचा, "झालं का सगळ्यांचं?" आम्ही हो म्हटलं की ती ओट्याशीच ताट घ्यायची, आमच्याकडे पाठ करून, सावकाश, एक शीत न सांडता जेवायची. लंडन काय नि पुणं काय, तिला फरक पडला नाही.

दादांची तिथी षष्ठी. आम्ही इथेही सगळं साग्रसंगीत करायचो. अळूची पानं, केळीचं पान, सगळं आमच्या बाजारात मिळतं. खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी असं पान वाढून मी ते बागेतल्या शेडच्या छपरावर ठेवायचो आणि हात जोडून मागे सरायचो. मी सरतोय न सरतोय तोच कावळा हजर. दरवर्षी. आई मग फोनवर पुण्याच्या मावशीला ऐकवायची, "तुमच्याकडे गच्चीवर ताटकळत बसतात लोक. आमचे हे लंडनलासुद्धा वेळेवर येतात." बोलताना तिचा चेहरा असा फुललेला असायचा की जणू नवरा तिचं बोट धरून विमानात बसून आलाय. आणि खरं सांगू? मलाही ते खरं वाटायचं. परक्या देशात आपल्याला घर सापडलं याचा याहून मोठा पुरावा माझ्याकडे नव्हता.

आणि मग ते वर्ष आलं.

ऑगस्टमध्ये हार्डिंगबाई हॉस्पिटलमध्ये गेल्या त्या परत आल्या नाहीत. अँब्युलन्समध्ये बसण्याआधी त्यांनी स्वतः दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि विद्याला म्हणाल्या की बागेच्या फाटकाची कडी सैल आहे, जरा लक्ष ठेव. भाचा आला, चार खोकी घेऊन गेला. घर विकायला काढलं. रिकामं दिसू नये म्हणून जाताना त्याने पुढच्या खोलीतला दिवा टायमरवर लावून ठेवला.

दिवेलागणीला तो आपोआप लागायचा. पडदे अर्धवट ओढलेले, आत बाईंची खुर्ची, खुर्चीवर उशी, आणि उशीला मधोमध खड्डा, कोणी आत्ताच उठून किटली ठेवायला गेल्यासारखा. पहिल्या दिवशी विद्या दूध घेऊन येताना ते बघून जागीच थिजली. आई देवापाशी निरांजन लावत होती, तिने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "आल्या वाटतं." आमच्या अंगावर काटा आला, हिच्या आवाजात मात्र नुसता दिलासा होता. पुढे एकदा वीज गेली, टायमरचं घड्याळ मागेपुढे झालं, आणि तो दिवा भलत्याच वेळी लागायला लागला. ढगाळ दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, त्या खोलीत एकदम उजेड व्हायचा. पोस्टमनसुद्धा त्या घरापुढून भरभर चालायचा.

त्याच सुमारास आमच्या वॉर्डात कौन्सिलची पोटनिवडणूक होती. निळी फीत लावलेला एक तरुण बाईंची बेल वाजवत उभा. मी कुंपणावरून सांगितलं, "त्या गेल्या. मागच्या महिन्यात." तो ओशाळला, हातातल्या फोनकडे बघून म्हणाला, "पण त्या आपल्याच आहेत. कधी मत चुकवत नाहीत." तेवढ्यात आत दिवा लागला. आम्ही दोघं त्या खुर्चीकडे बघत राहिलो. मग त्याने हळूच पत्रक दारातून आत सरकवलं, माझ्याकडे न बघता. मी स्वतः निळ्याच बाजूचा, पण त्या दिवशी वाटलं की आमच्या पक्षाची सगळी भिस्त आता अशाच घरांवर आहे.

त्या सीझनमध्ये हाय स्ट्रीटवरही काहीतरी बिनसलेलं होतं. बँक बंद झाली, तिच्या भिंतीवर पैशांचं मशीन काढलेलं चौकोनी भोक तेवढं राहिलं. खाटकाचं दुकान गेलं. सुपरमार्केटमध्ये चीज आणि बटर प्लॅस्टिकच्या कुलूपबंद डब्यांत घातलेलं, अलार्मसकट. एक म्हातारा लोण्याचा तो डबा हातात धरून काचेतून बघावं तसा बघत उभा होता. माणसं बिलासाठी नाहीतच, मशीनंच. शेवटी त्या मशीनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "थँक यू." दुकानात मी एकटा होतो. बाहेर गरजूंसाठीच्या फूड बँकेचं खोकं होतं आणि त्यात पास्त्याचं एकच पाकीट. आपण लोण्याला कुलूप लावायच्या थराला आलो आणि आभार मानायचं काम मशीनवर सोपवलं, हे कोणत्या सरकारच्या काळात झालं म्हणून विचारू? कोणत्या एकाच्या नाही. सगळ्यांनी मिळून थोडंथोडं सोडून दिलं.

हार्वेस्टच्या रविवारी आई म्हणाली, "बाई नाहीत म्हणून काय झालं, डबा द्यायला नको?" दरवर्षी हार्डिंगबाई आम्हाला चर्चमध्ये घेऊन जायच्या. आई छोल्यांचा डबा घेऊन जायची आणि त्या पॅराफिन हीटरच्या, ओल्या पुस्तकांच्या वासात खुशाल मान खाली घालून बसायची. "देवाचं घर आहे, आपलं काय जातंय." टेबल मांडायचं काम वर्षानुवर्षं बाईंचं. मधोमध त्या स्वतः भाजलेला पाव ठेवायच्या, गव्हाच्या पेंढीसारखा वळलेला, आणि पेंढीच्या देठावर कणकेचा एक छोटा उंदीर, बेदाण्याच्या डोळ्याचा.

त्या दिवशी माणसं मोजकीच होती. बाकांच्या मधल्या रिकाम्या जागा माणसांपेक्षा जास्त दिसत होत्या. आणि टेबलावर मधोमध तोच पाव होता. तोच उंदीर, तोच डोळा. आईने माझं मनगट धरलं. मी तिथल्या पाद्रीबाईंना विचारलं, हा कोणी केला? त्या म्हणाल्या, "तिनंच. जुलैमध्ये आणून दिला, भरपूर मीठ घालून, कडक वाळवून. म्हणाली, असू दे, टू बी ऑन द सेफ साइड." नंतर त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं की चर्च बंद होतंय, इमारत विकली जाणार, पुढल्या वर्षी हार्वेस्ट दुसरीकडे. मग गाणं झालं. इतक्या कमी गळ्यांनी म्हटलेलं ते गाणं छतापर्यंत पोचलंच नाही. जाताना पाद्रीबाईंनी आईला उंदीर तोडून दिला. तो आजही आमच्या देवघरात आहे, गणपतीशेजारी. आईच्या मते तो योग्य जागी पोचला.

त्यानंतर दोनच दिवसांनी षष्ठी होती.

मी पान वाढलं, छपरावर ठेवलं, हात जोडले, मागे सरलो. कोणी नाही. आभाळ राखाडी, वारा पडलेला. कबुतरं शेडच्या कडेला बसली, पण पानापासून हातभर लांब. खार आली, मान तिरकी करून बघितलं आणि गेली. एरवी हिरवे पोपट आमच्या बागेत धिंगाणा घालतात, तेही गप्प. खीर थंड झाली, तिच्यावर साय धरली.

"येतील," आई म्हणाली. ती मागच्या दाराशी स्टुलावर बसली होती. तिने सकाळचं इन्सुलिन टोचून घेतलं होतं आणि कावळा शिवल्याशिवाय ती पाणीसुद्धा घेणार नव्हती. हे दरवर्षीचंच होतं. पण दरवर्षी कावळा येत होता.

दुपार कलायला लागली. आईची साखर उतरत होती, कपाळावर घाम दिसू लागला. विद्या ज्यूसचा ग्लास घेऊन तिच्याजवळ उभी. "आई, दोन घोट घ्या." "नाही." "साखर तरी जिभेवर ठेवा." "ते उपाशी आहेत गं," आई म्हणाली आणि तिने ग्लास बाजूला सारला. मी आपला शेडपाशी उभा राहून दादांना एकेक कबूल करत सुटलो. दादा, पुण्याचा फ्लॅट विकत नाही. दादा, तुमचा रेडिओ टाकून देत नाही. दादा, रुचाचं लग्न... तिथे मी थांबलो, कारण ते माझ्या हातात नव्हतं. पुण्याच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. ते म्हणाले, "परदेशात आहात, दर्भाचा कावळा करा आणि शिववून टाका." आईने ऐकलं. "इतकी वर्षं खऱ्या माणसाशी संसार केला," ती म्हणाली, "आता गवताच्या कावळ्यावर भागवू?"

मी घाबरलो होतो, हे सांगायला मला लाज नाही. तिची जीभ जड झाल्यासारखी वाटत होती. अँब्युलन्सला फोन करायचा म्हणून मी आत वळलो, तेवढ्यात विद्या दाराशीच थबकली.

"अहो," ती म्हणाली, "हार्डिंगबाई गेल्यापासून तुम्ही एक तरी कावळा बघितलाय का?"

आठवून बघितलं. एकही नाही. सकाळचा तो आवाज आठवला, पत्र्यावर चमच्याची टकटक आणि बाईंची हाक, "कम अलाँग, देन!" रोज सकाळी त्या डब्याच्या झाकणावर ठोकून कावळ्यांना बोलवायच्या आणि बेकनच्या साली, पावाच्या कडा, चरबीचे तुकडे घालायच्या. आमच्या कानांना ते इतकं सवयीचं होतं की आम्ही ते ऐकतच नव्हतो. दादांच्या पानावर येणारे कावळे बाईंचे होते. त्यांच्या सालींवर पोसलेले, त्यांच्या चमच्याला हिळलेले. आम्ही समजत होतो, आम्ही पुण्याहून आपलं सगळं बरोबर आणलंय.

मी आईला ते सांगितलं, बेकनसकट. म्हटलं, आता हिला धक्काच बसणार.  "चालायचंच," ती म्हणाली. "बाहेर खाऊन आले तरी घरी पुन्हा ताटावर बसायचे ते. विद्या, दुसरं पान वाढ. बाईंचं."

बाजूच्या फाटकाची कडी खरंच सैल होती. मी आत गेलो. गवत गुडघ्यापर्यंत, त्यात सफरचंदं कुजत पडलेली, त्यांचा आंबूस वास. मागच्या खिडकीतून थेट पुढची खोली दिसत होती. दिवा लागलेला होता. मला खुर्चीची पाठ दिसत होती, आणि पाठीमागून बघताना खुर्ची रिकामी आहे की नाही हे कळत नव्हतं. दाराशेजारच्या खिळ्याला झाकण आणि चमचा लटकत होते. मी ते काढले आणि वाजवले. त्या शांततेत तो आवाज फारच मोठा वाटला. कोणी आलं नाही. पुन्हा वाजवलं. झाकण थांबल्यावरही आवाज राहिल्यासारखा वाटला, घरातून.

कुंपणापाशी विद्या आईला धरून उभी होती. आईने पान पुढे केलं, मी ते बाईंच्या, पक्ष्यांना खायला घालायच्या टेबलावर ठेवलं. आई हात जोडून म्हणाली, "बाई, चुकलंच आमचं. शेजारी असून तुमचं पान वाढलं नाही. तुमचं आधी. या, जेवून घ्या." मग तिने आपल्या सदाशिव पेठी इंग्रजीत हाक मारली, "कम अलाँग, देन!"

बाईंच्या घराच्या धुराड्यावर कावळा कधी येऊन बसला कोण जाणे. मोठा, काळाभोर. तो खाली उतरला तो थेट बाईंच्या पानावर. वडा उचलला, खाल्ला. मग कुंपण ओलांडून शेडच्या छपरावर गेला आणि दादांच्या खिरीत चोच घातली. त्याच क्षणी घरातला दिवा विझला. टायमरची वेळ संपली असणार. मी इन्शुरन्समधला माणूस आहे, टायमर मला कळतात. तरी मी खिडकीकडे मान वळवली नाही.

आईने ज्यूस घेतला आणि त्या दिवशी आम्ही तिला सगळ्यांच्या आधी टेबलाशी बसवलं. आयुष्यात एकदाच. "मला मेलीला पहिल्यांदा जेवायला लावलं यांनी," असं ती पुढे कुरकुरत सगळ्यांना सांगायची.

तेव्हापासून माझी मतं बदलली का? नाही. मी अजूनही निळ्याच बाजूला फुली मारतो आणि रुचा अजूनही भडकते. फक्त आपलं आपण उभं केलं, असं म्हणणारा आपल्यातला माणूस मला आता जरा हास्यास्पद वाटतो. शेजारचं घर विकलं गेलं, तिथे घानाचं एक तरुण कुटुंब आलं आहे. चर्चचे फ्लॅट होतायत. रोज सकाळी झाकण मी वाजवतो. शेजारची लहानगी कुंपणाच्या फटीतून बघते आणि माझ्या आधीच हाक मारते.

दोन हिवाळ्यांपूर्वी आई गेली. वर्षश्राद्ध होईपर्यंत पितृपक्षात पान वाढायचं नसतं, त्यामुळे तिचं पान इथे पहिल्यांदा वाढलं ते या षष्ठीला, दादांच्या बरोबर. रुचा रजा टाकून इल्फर्डहून आली, कोणी न सांगता. तीन पानं झाली. बाईंचं कुंपणाशी, दादांचं आणि आईचं शेडवर. झाकण रुचाने वाजवलं.

कावळा लगेच आला. बाईंच्या पानावरचं खाल्लं, मग दादांचं. आणि मग छपराच्या कडेला बसला. आईच्या पानाला शिवेना. उडून जाईना. नुसता आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिला.

 आईचं काय राहिलं? मी मनात शोधायला लागलो. मावशीला भेटवलं नाही? अस्थी नीट विसर्जित झाल्या नाहीत? तिला पुण्यातच जायचं होतं का? मी तोंडाला येईल ते कबूल करत होतो आणि कावळा ढिम्म. आभाळ त्या दिवसासारखंच राखाडी होतं, आणि पोपट पुन्हा गप्प झाले होते.

"बाबा," रुचा हळूच म्हणाली, "आजी आधी कशी जेवेल?"

मी तिच्याकडे बघितलं. विद्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कावळ्याने घास घेतल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही, हा नियम मी आयुष्यात मोडला नव्हता. विद्याने ताटं मांडली. आम्ही तिघं टेबलाशी बसलो, मागचं दार सताड उघडं ठेवून, आणि जेवलो. वरण, भात, वडे, खीर, सगळं. चौथी खुर्ची दाराकडे तोंड करून होती. बाहेर तो बसूनच होता. आत भांड्यांचा आवाज. मी ताटातला शेवटचा घासही संपवला.

रुचा उठून दाराशी गेली. "आजी, सगळ्यांचं झालं."

कावळ्याने मान वळवली. एक उडी मारून तो आईच्या पानाशी गेला, आणि आमच्याकडे पाठ करून, सावकाश, एक शीत न सांडता जेवू लागला.